पाया पक्का

नांदेड-लातूर एसटीत माझ्या शेजारी एक बाप तीन वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन बसला होता. लातूरला पोराची नर्सरीसाठी मुलाखत होती. "डॉक्टर करायचं तर पाया आत्ताच पक्का पायजे," असं मला सांगून तो पोराचं नाक पुसायचा आन् विचारायचा, "हृदयाला कप्पे किती?"

शेवटी पोर रडायलाच लागलं. मग बापानं टाळ्या वाजवत चिऊ-काऊचं गाणं म्हटलं. पोर खुदकन हसून टाळ्या पिटू लागलं.

"कुठं शिकलात हे?" मी विचारलं.

"अंगणवाडीत. गाणी म्हणायची, खिचडी खायची, झोपायचं. लई मजा केली. म्हणून तर मागं राहिलो, सर!"

लातूर आलं. पोराच्या टाळ्या थांबेनात. "गप, मुलाखत हाय," म्हणत बापानं त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.