चौकात नेलेल्या मधमाश्या

पेटीवाल्याला गावाने आयुष्यभर नावं ठेवली. त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या आधी घराच्या गच्चीवर होत्या. शेजाऱ्याला एक माशी डसली आणि अख्ख्या गल्लीने तक्रार केली. पेट्या शाळेमागे गेल्या, तिथून दवाखान्यामागे, आणि हाकलत हाकलत शेवटी गावाच्या टोकाला, त्याच्या थोरल्या बहिणीच्या खरबुजाच्या मळ्यात येऊन टेकल्या. तिथे मात्र त्यांचं सोनं झालं. माश्या नव्हत्या तेव्हा ताईची खरबुजं एका अंगाने फुगायची आणि दुसऱ्या अंगाने बसायची. व्यापारी फळाकडे बघून स्वतःचंही तोंड तसंच करायचा. पेट्या आल्या आणि फळ भरदार, गोल झालं.

मग एके दिवशी गावाला ओळख हवीशी वाटू लागली. शेजारच्या गावाला धबधबा होता, पलीकडच्याला जुना पूल. आपल्याकडे बघण्यासारखे फक्त नगराध्यक्ष, आणि त्यांना तर लोक रोजच बघत होते. समिती बसली. कुणीतरी खरबूज सुचवलं, पण त्याचा पुतळा म्हणजे नुसता गोळा होईल म्हणून ते मागे पडलं. अखेर मधमाशी ठरली. कष्टाळू, शिस्तीची, एकजुटीने राहणारी, म्हणजे अगदी आपल्यासारखी, असं नगराध्यक्ष म्हणाले. गच्चीवरच्या पेटीतली माशी डसलेला तो शेजारी म्हणजे हेच.

चौकात सिमेंटची भलीमोठी माशी उभी राहिली. तिला पाय चारच होते, कारण सहा पाय ठेकेदाराच्या डोळ्यांना बरे दिसेनात. भोवती प्लास्टिकची फुलं लावली. उद्घाटनाला खऱ्या पेट्या हव्यात आणि पेटीवाल्याचा जाहीर सत्कार करायचा आहे, असा निरोप आला तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"वेल फुलावर आलाय," ताई म्हणाली. "खरबुजाचं फूल एकच दिवस उघडं असतं, हे तूच सांगतोस ना सगळ्यांना? आणि पेटी जवळच्या जवळ हलवली तर माशी जुन्याच जागी परत येते, हेही तूच सांगतोस."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, ताई. एवढी वर्षं शिव्या खाल्ल्या. एकदा टाळ्या ऐकू दे."

लहानपणापासून त्याचे हट्ट तिनेच पुरवले होते, हाही त्यातलाच. आणि लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तशी या पठ्ठ्याची गत. माश्या आपल्याला ओळखतात, एक दिवस सांभाळून घेतील, अशी त्याने मनाची समजूत घातली, संध्याकाळी दारं बंद करून सगळ्या पेट्या टेम्पोत चढवल्या आणि चौकात नेऊन मांडल्या.

सकाळी दारं उघडली. माश्या भराभर बाहेर पडल्या. लोकांनी मोबाइल काढले, मुलांनी टाळ्या पिटल्या. जाताना सगळ्यांनी पाहिल्या. येताना कुणीच पाहिल्या नाहीत. पाहुणे उशिरा आले, भाषणं त्याहून लांबली. पाहुण्यांनी पेटीचं झाकण उचललं तेव्हा आत कधीच बाहेर न पडलेल्या काही कोवळ्या माश्या आणि गोंधळलेली राणी एवढंच उरलं होतं.

"एवढ्याच?" पाहुण्यांनी विचारलं.

"बाकीच्या कामावर गेल्यात," नगराध्यक्षांनी सांगितलं आणि टाळ्या पडल्या. पेटीवाल्याच्या गळ्यात पदक आलं. त्याचा हात पदकावर होता आणि डोळे उघड्या पेटीवर. फोटो होण्याआधीच तो मंडपाच्या मागून निसटला.

मळ्यात पेट्या ठेवायच्या रिकाम्या लाकडी घोड्यांवर माश्यांचे घोस लोंबत होते. वरून ताईने टोपल्या पालथ्या घातल्या होत्या, ऊन लागू नये म्हणून. बांधापलीकडे वेलावर पिवळी फुलं उघडी होती आणि त्यांच्याकडे एकही माशी फिरकत नव्हती. घर नाहीसं झाल्यावर मध आणायचा तरी कुणासाठी? कितीतरी माश्या खाली मातीत मरून पडल्या होत्या. पेटीवाला तिथेच मटकन बसला. रडू आलं तसं त्याने येऊ दिलं.

"सत्कार आहे हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं बहुतेक," ताई म्हणाली आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

त्याच संध्याकाळी तो टेम्पो घेऊन चौकात गेला. नगराध्यक्ष नाराज झाले.

"अहो, पेट्या ठेवा की. रंगवून घेऊ छान."

"आणि माश्या?"

"त्या न्या तुम्ही. उगाच कुणाला चावल्या तर?"

त्याने एकही पेटी ठेवली नाही, सगळ्या मळ्यात जुन्या जागी परत मांडल्या. तरी आठवड्याभरात चौकात नव्या, रिकाम्या, पिवळ्याधमक पेट्या आल्या. लोक त्यांना टेकून फोटो काढतात आणि गावाची ओळख सुखरूप आहे.

ताईची खरबुजं तोडायला आली. बहुतेक फळ चांगलं निघालं. ज्या दिवशी फुलांनी वाट पाहिली, त्या दिवसाचं तेवढं वाकडं, एका अंगाने बसलेलं. व्यापाऱ्याने ते बाजूला काढलं. ताईने त्यातलं सगळ्यात वाकडं निवडलं, भावाच्या घरी नेलं आणि पदक टांगलं होतं त्याच्या खालच्या फळीवर ठेवलं.

"काप," ती म्हणाली. "गोड नसेल. पण खायचं दोघांनी."