रुपीकाकीचा ढावलो

दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यात लग्न ठरलं की नवरी आधी रुपीकाकीकडे जायची, रडायला शिकायला. हसू नका. आम्हा बंजाऱ्यांत सासरी निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून गाण्यातून रडते. त्याला ढावलो म्हणतात, आणि तो काकीसारखा कुणालाच येत नव्हता. मी तिची शेजारीण. मलाही तिनेच शिकवला. तोंडाची फटकळ, पण गायला लागली की दगडालाही पाझर फुटावा.

त्याच तोंडात, तंबाखू धरायच्या जागी, गालाला आतून जखम झाली. भरेचना. कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी उजेडाचा उपचार सुचवला. आधी शिरेतून औषध, मग त्या जागेवर लाल उजेड.

"रोगाच्या पेशी एकमेकींना आणि मांसाला घट्ट धरून असतात," मॅडमनी समजावलं. "उजेड पडला की औषध जागं होतं, त्यांची पकड सुटते आणि त्या मरतात. पण औषध अंगभर राहतं. महिनाभर ऊन लागू द्यायचं नाही. नीट झाकून घ्या."

"महिनाभर? अन् माह्या रंजिताचं लगन?" काकीने एवढंच विचारलं.

लेकीच्या लग्नाची तारीख पुढे ढकला, म्हणून आम्ही महागावच्या व्याह्यांच्या हातापाया पडलो. ते ढिम्म हलले नाहीत. देव त्यांचं भलं करो, असं काही माझ्याच्याने म्हणवत नाही.

उपचार घेऊन काकी घरी आली, तशी तिच्या मुलाने, बबलूने, खिडक्यांना पोती ठोकली. लग्न अंगणात लागलं, काकीने ते आतून ऐकलं. भर दुपारी पाठवणी. सगळ्यांच्या गळ्यात पडून रंजिता दारापाशी आली. निघालेल्या नवरीने पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही, अशी आमची रीत. ती बाहेरूनच "याडी, ये याडी" म्हणून आईला हाका मारू लागली.

"काकी, नोको जाऊ बाहेर," मी म्हटलं.

"घुंगटो हाये ना मले. आपल्या बाया पिढ्यान्पिढ्या उन्हात घुंगट्याखालीच चालल्या."

ओढणी हनुवटीपर्यंत ओढून ती बाहेर गेली. मॅडम म्हणाल्या ते झाकणं हेच, असं तिला खरंच वाटलं. पातळ कापडातून उजेड आत शिरतो, हे आमच्याही कुणाच्या डोक्यात आलं नाही. हात तर उघडेच होते. ढावलो संपला तरी मायलेकी एकमेकींना सोडेनात.

संध्याकाळपर्यंत काकीचा चेहरा सुजला, हातांवर फोड आले. ते हळूहळू बरे झाले. गालातली जखमही भरली. मग मानेत गाठ आली.

"उन्हाचा याच्याशी संबंध नाही," मॅडम म्हणाल्या. "काही पेशी आधीच गालातून सुटून मानेत जाऊन चिकटल्या असणार."

दिवाळीच्या आत काकी गेली. अजून तिच्या दारावरून जाताना मला रडू आवरत नाही.

मॅडमचं म्हणणं रंजिताला आम्ही कितीदा सांगितलं. ऐकते, मान हलवते आणि म्हणते, "म्या धरून ठेवलं म्हून याडी उन्हात उभी राह्यली."

यंदा तिच्या नणंदेचं लग्न झालं. मी गेले होते. नणंद रडत, गात, हात पसरून तिच्याकडे आली. रंजिता मागे सरकली आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी राहिली.