छावणीचं दूध

लग्न होऊन मी लोधिवलीला आले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. मी, माझे यजमान आणि त्यांची थोरली बहीण. वन्संना लवकर वैधव्य आलं, त्या माहेरी परतल्या आणि आल्या आल्या गोठा ताब्यात घेतला. यजमान शेत बघायचे. गाभण म्हैस कधी आटवायची, दूध कुणाला घालायचं हे वन्सं ठरवायच्या. पहिल्या दिवशी मला त्यांची भीती वाटली, पण आठवडा सरायच्या आत लळा लागला. धार काढायला त्यांनीच शिकवलं, माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून.

लढाईची वर्षं होती. गावापासून जवळच माळावर सोल्जरांची छावणी पडली होती. ठेकेदाराची लॉरी रोज सकाळी रस्त्यावर उभी राही आणि असेल तेवढं दूध चांगल्या भावानं उचलून नेई. त्याआधी सगळं गाव जवळच्या चौक गावातल्या मिठाईवाल्याला दूध घालायचं. लॉरी आल्यावर सगळ्यांनी त्याला सोडलं. आम्ही मात्र सकाळचं दूध लॉरीला आणि संध्याकाळचं मिठाईवाल्याला देत होतो. त्याचा भाव कमी, यजमान कुरकुरायचे. वन्सं एवढंच म्हणायच्या की माणूस तुटला की पुन्हा जोडायला जड जातं.

हळूहळू गावात नव्या म्हशी येऊ लागल्या. आमच्या शेजारणीकडेही दोन आल्या. ते बघून यजमानांना राहवेना. मुरबाडकडच्या बाजाराला जाऊन आपणही दोन आणू म्हणाले. वन्सं भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "थांब रं जरा. आदी छावणी किती दिस ऱ्हातेय ते तरी बगू."

मग आमचा शोध सुरू झाला. पेंड आणायला आम्ही दोघी बैलगाडीनं कर्जतला जायचो. पेंडवाले चाचा छावणीच्या खेचरांनाही त्याच ठेकेदारामार्फत दाणावैरण पुरवत. वन्सं त्यांच्याकडे उगाच बसून राहायच्या. घरच्यांची, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करायच्या आणि मधेच ठेकेदाराचं विचारायच्या. चाचांनी सांगितलं की पूर्वी तो पुढच्या दोन महिन्यांचा दाणा सांगून ठेवायचा, आता आठवड्यापुरताच नेतो. चौकला शाळेचे मास्तर मिठाईवाल्याच्या दुकानात मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचे. वन्सं बाहेर पायरीवर बसून लढाईचं कुठवर आलं ते विचारायच्या. जर्मनी पडला हे आम्हाला तिथंच कळलं. छावणीचे कपडे धुणाऱ्या परटिणीला मी आडून आडून विचारलं. गठ्ठे लहान झालेत, ती म्हणाली.

घरी परतताना गाडीत वन्सं बोटांवर महिने मोजत होत्या. मग म्हणाल्या, "पाऊस सरला की समद्यांच्या म्हशी व्यायला लागतात. दूध वाहील नुसतं. तवा छावणी नसली तर ते पिणार कोण गं?"

यजमानांना हे पटलं नाही, पण थोरल्या बहिणीपुढे ते बोलले नाहीत. नव्या म्हशी आल्या नाहीत. मिठाईवाल्याचं दूधही चालू राहिलं.

आणि छावणी काही हलली नाही. उन्हाळ्याच्या अखेरीला दूध आटलं तसा ठेकेदारानं भाव आणखी वाढवला. शेजारणीनं नवं लुगडं घेतलं, ते नेसून आमच्या अंगणात आली. वन्संनी पदराचा पोत बोटांनी चाचपून बघितला, चांगलं हाय म्हणाल्या. यजमान दोन दिवस धुसफुसत होते. एकदा जेवताना मीच वन्संना विचारलं, आपलं चुकलं का? त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "चुकलं असंल बी," म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत नीट. माझा त्यांच्यावरचा जीव तेव्हा जास्तच जडला.

पावसाळ्यात लढाई संपली. तरी लॉरी येत होती. दसरा झाला आणि एका सकाळी ती आली नाही. रस्त्यावर बायका घागरी घेऊन ऊन चढेपर्यंत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी कळलं की तंबू निघाले, ठेकेदार कुणाला न सांगता गेला. गोठ्यांत म्हशी नुकत्या व्यालेल्या, भांडी भरभरून दूध, आणि घेणारं कुणी नाही.

शेजारीण आमच्याकडे आली ती दारातच बसली. तिचं दूध नासलं होतं. वन्संनी तिला एक शब्द ऐकवला नाही. तिला आणि मला घेऊन त्या चौकला मिठाईवाल्याकडे गेल्या. सगळ्यांचं दूध मी घेऊ शकत नाही, तो म्हणाला, आणि घेतलं तरी भाव माझा जुनाच. जे मला सोडून गेले त्यांचं तर नाहीच.

"दूध नको घेऊस," वन्सं म्हणाल्या. "दिवाळी तोंडावर हाय. खवा घेशील का?"

त्यानं विचार केला. मुंबईला खवा हवाच होता आणि त्याच्याकडे दूध आटवायला माणसं कमी होती. तुमच्या अंगणात, तुमच्या नजरेखाली होणार असेल तर घेतो, म्हणाला.

त्या दिवाळीपर्यंत आमच्या अंगणात तीन चुली पेटत होत्या. गावातल्या बायका दूध घेऊन यायच्या आणि पाळीपाळीनं कढईतलं दूध ढवळायची खुंती फिरवायच्या. दंड भरून यायचे, अंगाला धुराचा वास. शेजारीण नवं लुगडं खोचून सगळ्यांच्या पुढे असायची. यजमान रानातून लाकडं आणून टाकायचे आणि कढईची खरवड मागायचे. दिवाळी सरल्यावर खव्याची मागणी घटली, पण मिठाईवाल्यानं चार घरांचं दूध पुन्हा धरलं. त्यात शेजारणीचं होतं.

तिला दोन्ही नव्या म्हशी पोसवेनात. एक तिनं विकायला काढली. यजमान वन्संकडे बघत होते, विचारायला धजत नव्हते. वन्संनी म्हशीभोवती फेरी मारली, तिचे दात बघितले, कास बघितली.

"आता घे," त्या म्हणाल्या. "पर तिला म्हशीचा योग्य तो भाव दे, पडलेला नको."

यजमानांनी तसंच केलं. म्हैस आमच्या गोठ्यात आली. शेजारीण काही दिवस रोज तिला बघायला येई, येताना मूठभर हिरवा चारा आणी, आणि आम्ही तिघी तिथंच गोठ्याच्या दारात बोलत बसायचो.