बाबांनी आखलेला धुरा

गेल्या मंगळवारी रामाकोन्याला गेले होते... सर्व्हेअरचं लायसन्स मिळाल्यानंतरची माझी पहिली मोजणी. परीक्षा दुसऱ्या अटेम्प्टला पास झाले होते, त्यामुळे धाकधूक होतीच.

सोबत बाबा होते. रिटायर्ड पटवारी, वय अठ्ठ्याहत्तर. "मी नुसता झाडाखाली बसतो, काही बोलणार नाही," म्हणाले आणि सकाळी सातलाच बूट घालून तयार!

गाडीनं सौसर गाव मागे टाकलं आणि मला सगळं आठवायला लागलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा मला लुनावर मागे बसवून मोजणीला न्यायचे. लोखंडी साखळीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या... उन्हानं तापून चटके बसायचे, पण सोडायची हिंमत नव्हती.

"साखळीला झोल पडू देऊ नको, कोणाचं तरी वावर कमी होते," असं ते लांबून ओरडायचे. दुपारी कोणीतरी भाकर-पिठलं आणून द्यायचं. तेव्हा मला वाटायचं, बाबा बोट दाखवतात तिथेच जमीन संपते.

शेत गिरजाबाईंचं. साठी ओलांडलेल्या, एकट्याच शेती बघतात. तारेचं कुंपण घालायचं म्हणून त्यांनी मोजणी मागितली होती. शेजारी देवरावभाऊंचा संत्र्याचा बगिचा, आणि मधला धुरा, म्हणजे बांध, वीसेक वर्षांपूर्वी बाबांनीच आखून दिलेला.

"माह्यं वावर कमी भरते, हे मी तवापासून सांगून राहिली," गिरजाबाई मला म्हणाल्या. "पन सारे म्हनत, पटवारी सायबानं मोजलं, आता काय?"

देवरावभाऊ आणि गावातले दोघे-चौघेही येऊन उभे होते. मी मशीन लावलं. तीन गावांची शीव मिळते तिथल्या दगडापासून पॉइंट घेत घेत धुऱ्यावर आले... आणि स्क्रीन बघून हात थांबला. खरी हद्द देवरावभाऊंच्या बगिच्यात आठ फूट आत होती. फळांनी वाकलेली संत्र्याची अख्खी ओळ गिरजाबाईंच्या वावरात येत होती.

परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच.

खरं सांगते, त्या दोन मिनिटांत नको ते मनात येऊन गेलं... मशीनमध्ये एरर येतोय, पुढची तारीख देते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोणाला कळणार होतं? बाबा झाडाखालून माझ्याकडेच बघत होते.

शेवटी त्यांच्याजवळ गेले. "बाबा, आठ फुटांचा फरक येतोय."

ते उठले. नाल्याकाठच्या जुन्या दगडापाशी गेले आणि वाकून त्याचा पायथा चाचपत राहिले... बराच वेळ.

"मी इथून मोजलं होतं," ते म्हणाले. "हा पुरानं सरकलेला आहे. शिवेवरच्या दगडाशी ताडून पाहायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही."

"मग आता?"

"मला काय विचारून राहिली? लायसन तुझं आहे. जे निघालं ते लिही."

मग ते स्वतःच गिरजाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. सगळ्यांच्या देखत हात जोडले. "बाई, चूक माझी होती. इतकी वर्षं लोकांनी तुम्हाला खोटं ठरवलं, ते माझ्यामुळे."

गिरजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. देवरावभाऊ मात्र त्या झाडांकडे बघत उभे होते... लहानाची मोठी केलेली झाडं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

शेवटी गिरजाबाईच त्यांना म्हणाल्या, "औंदाचा बहार तुमीच तोडा, भाऊ. झाडाचं मंग पाहू."

देवरावभाऊंनी मान हलवली. पंचनाम्यावर सही केली, पण चहाला थांबले नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतंय.

पंच म्हणून बाबांनीही सही केली. मी नको म्हणत होते, त्यांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला. माझ्या नावाखाली त्यांचं नाव... तेच वळणदार अक्षर, फक्त आता थोडं थरथरणारं.

परतताना गाडीत ते खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटलं, दुखावले असतील. घरी आल्यावर पाणी पिता पिता आईला म्हणाले, "पोरीनं तीनदा मोजलं. मी एकदाच मोजलं होतं."

आतल्या खोलीत जाऊन मी मनसोक्त रडून घेतलं... थँक यू, बाबा.