एक कड उघडी

आमच्या आयला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माणसाशी बोलता बोलता त्याचं कापड चिमटीत धरून बघायची सवय होती. समोर कोण आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नसे. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस असो, पूजा सांगायला आलेले गुरुजी असोत, नाहीतर मतं मागायला दारात उभे राहिलेले पुढारी असोत. ती बाहीचं टोक अंगठ्यात आणि बोटात धरायची, जरासं चोळायची आणि कापड सुती निघालं की तिचा चेहरा खुलायचा. "सुती हाय," ती म्हणायची, "फाटला की मना दे." गॅसवाल्याने खरंच एक जुना शर्ट आणून दिला होता. पुढाऱ्यांनी हात जोडून "नक्की, नक्की" म्हटलं होतं. त्यांचा सदरा अजून फाटलेला नसावा.

मी अर्नाळ्याच्या त्या घरी पहिल्यांदा गेले ती दिनेशबरोबर, लग्नाचं सांगायला. मी विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, मूळची कराडकडची, तो कोळ्याचा. दोन्ही घरांत धुसफूस चालू होती. आय नुकतीच बाजारातून मासळी विकून आली होती, कमरेवर रिकामी पाटी. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. माझी जात, नोकरी, मासे साफ करता येतात का, सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून गेले होते. तिने एकही विचारला नाही. माझ्या नव्याकोऱ्या ओढणीचं टोक हातात घेतलं आणि म्हणाली, "सुती हाय. फाटली की मना दे."

परत जाताना मी दिनेशशी कडाकडा भांडले. खास त्या दिवसासाठी घेतलेली ओढणी, आणि या बाई ती फाटायची वाट बघणार! दिनेश हसत सुटला. म्हणाला, "अगं येडे, ती फाटेपर्यंत तू आमच्या घरात असणार, हे आयने धरलंसुद्धा." माझा राग कुठल्या कुठे गेला. लग्नानंतर आयने माझं नाव 'घाटाची' ठेवलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

घर कायम भरलेलं. बाबा, म्हणजे माझे सासरे, आणि मोठे दीर बोटीवर जायचे. जाऊ घर आणि तिची दोन पोरं सांभाळायची. दिनेश मुंबईच्या ऑफिसात, मी सातिवलीला एका कारखान्याच्या हिशेबात. आय पहाटे मासळी घेऊन विरारच्या बाजारात जायची, दुपारी यायची, जेवून घटकाभर लवंडायची, आणि उठली की पुढच्या खोलीत गोधडी पसरायची. जुनी लुगडी, शर्ट, लुंग्या, परकर, सगळ्यांचे थर एकावर एक. ते सरकू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर तराजूची लोखंडी वजनं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. टीव्ही त्याच खोलीत, पोरांचा अभ्यास त्याच खोलीत, पाहुणेही तिथेच. "ओलांडू नको गो, फिरून जा," हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकू यायचं. आमचं अख्खं कुटुंब वर्षानुवर्षं त्या खोलीत भिंतीला चिकटून चालत आलं आहे.

अशा धबडग्यात तिची गोधडी पुढे कशी सरकायची, हे बघण्यासारखं होतं. कुकर लावला की पहिल्या शिट्टीपर्यंत एक ओळ. बाबांच्या चहाला उकळी येईपर्यंत अर्धी. मध्येच कोणीतरी बोंबील मागायला यायचं, पोरं भांडायची, वाळत घातलेल्या सुकटीवर कावळे उतरायचे, की ही सुई तिथेच टोचून काठी घेऊन धावली. परत आली की आधी मोरीत जाऊन लिंबाची फोड हातांवर खसाखसा चोळायची. जन्म मासळीत गेलेली बाई, पण गोधडीला मासळीचा वास लागलेला तिला खपत नसे. "रातचा निजताना मानसाला वास येऊ नये," ती म्हणायची. वास यायचाच थोडा. आम्ही कोणी ते तिला सांगितलं नाही.

जवळचं तिला नीट दिसत नसे आणि चष्मा लावायचा नसे. त्यावर तिने काढलेला उपाय असा, की घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने एक सुई ओवून सुयांच्या उशीत टोचून जायचं. दिनेश बूट घालता घालता सुई ओवायचा. बाबांनी जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने एकदा ओवली, त्यावरून दोन दिवस घरात महाभारत झालं. मला हे आवडायचं नाही. सातिवलीची बस चुकत असताना सुईचं नाक शोधत उभं राहायचं म्हणजे काय! तशी मी तोंडाने फटकळ, बडबडत ओवायचे. आय म्हणायची, "बडबड, पन दोरा लांब घे."

आयचा एक नेम होता. पोटातल्या बाळासाठी शिवलेली गोधडी ती कधीच पुरी करत नसे. तीन बाजू बंद आणि एक कड उघडी. लेकरू घरात आलं की सगळ्यांसमोर ती कड दुमडून शिवायची आणि शेवटची गाठ मारायची. आधी बंद केली तर लेकराला आत यायला वाट कुठून राहणार, असं तिचं म्हणणं. जावेच्या दोन्ही बाळंतपणांत तिने तसंच केलं होतं. धाकटा दवाखान्यातून आला तेव्हा मी घरात नवीन होते. आय सुई घेऊन दारातच बसली होती. "आला गो माझा बाबू," म्हणत तिने गाठ मारली आणि मग ओवाळणं वगैरे.

मला दिवस गेले तेव्हा आयने माझ्यापुढे हात पसरला. "ती ओढनी दे."

"आय, ती फाटली नाही अजून."

"आता फाटायची वाट कोन बघतो?"

तिने ती चांगली ओढणी कात्रीने सरळ कापली आणि बाळाच्या गोधडीला वरून लावली. मी रोज कामावरून आले की आधी किती ओळी झाल्या ते बघायचे. सुया मी तेव्हा न बडबडता ओवल्या.

पाचव्या महिन्यात बाळ गेलं.

त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. दवाखान्यातून आले तेव्हा आय दारात नव्हती, चुलीपुढे होती. माझ्यासाठी पेज करत होती. भेटायला येणाऱ्या बायका नाना तऱ्हेचं बोलायच्या. त्यातली एक, मी बाहेर भटकते म्हणून असं झालं, असं म्हणाली; तेव्हा आयने तिच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि "ये आता" म्हणाली. माझ्याशी मात्र ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, ती छोटी गोधडी तिने कुठेतरी खोल ट्रंकेत घातली असेल.

काही आठवड्यांनी कामावरून आले तर पुढच्या खोलीत तीच पसरलेली. उघड्या कडेतून आत नवे थर सारून आय ती पुढे वाढवत होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले. तिने वर बघितलं, म्हणाली, "कड उघडी हाय तवर वाढवता येते," आणि पुन्हा मान खाली घातली.

त्यानंतरची बरीच वर्षं ती गोधडी वाढत राहिली. एकीकडे आम्ही मुंबईच्या दवाखान्यांत खेटे घालत होतो. पुन्हा एकदा आशा लागली आणि लवकरच संपली. इकडे गोधडीत दिनेशचा कॉलेजातला शर्ट आला, बाबांची चौकड्यांची लुंगी आली, जावेचं लग्नातलं लुगडं आलं, माझे ऑफिसचे कुडते आले. मध्ये दुसऱ्या गोधड्या सुरू होऊन संपल्या, लोकांना देऊन झाल्या. ही तेवढी संपेना. लांबीला वाढली, मग बाजूंना पट्टे लागून रुंदीला वाढली, मोठ्या माणसाच्या मापाची झाली, तरी एक कड उघडीच. ती कड दिसली की मी नजर वळवून भिंतीच्या कडेने आत जायचे. आय अजून वाट बघते आहे, तोंडाने बोलत नाही एवढंच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. विचारायचा धीर मला झाला नाही.

शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं, पुरे. आयला सांगायचं काम मी माझ्याकडे घेतलं. ती मागच्या दारी कोलंबी सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "आय, आम्ही आता उपचार बंद केलेत. मूल नाही व्हायचं."

तिचे हात थांबले. "दमलीस?"

"हो."

"मंग बस जरा," म्हणत तिने पाट माझ्याकडे सरकवला. मी बसले. थोड्या वेळाने मीही कोलंबी सोलायला लागले. पाटी रिकामी होईपर्यंत आम्ही दोघी सोलत राहिलो. तिने माझी समजूत घातली नाही, देवाचं नाव काढलं नाही, की कोणा वैद्याचा पत्ता दिला नाही. याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. पण त्या कडेचं ती आता काय करणार, हे काही मला कळलं नाही.

तो पावसाळा होता. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, बाबा आणि दीर दिवसभर घरातच जाळी विणत बसलेले, आणि त्यात बाबांची बहीण, आमची आत्या, पाचूबंदरहून राहायला आली होती. आत्या मनाची वाईट नाही, पण तिच्या तोंडाला दार नाही. दुपारी सगळे पुढच्या खोलीत असताना तिची नजर कोपऱ्यात घडी केलेल्या गोधडीवर गेली. "ही अजून तशीच गो?" तिने सगळ्यांच्या देखत विचारलं. "कवा व्हयाची पुरी?"

मी उठून आत जायला निघाले. आय म्हणाली, "घाटाची, थांब."

ती मोरीत गेली. लिंबू चोळून हात धुतल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. पदराला हात पुसत ती आली, गोधडी उलगडली, कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि मला म्हणाली, "सुई ओवून दे. दोरा लांब घे."

मी ओवून दिली. तिने उघडी कड आत दुमडली आणि टाके घालायला सुरुवात केली. दिनेशने टीव्हीचा आवाज बंद केला.

आत्याला राहवेना. "अगो, कड बंद करतेस? लेकरू तर आलं नाय घरात!"

आयने मान वर केली नाही. "आलं ना," ती म्हणाली. "लगीन करून आलं. मनाच कड बंद करायला उशीर झाला."

दोरा संपला. दुसरी सुई ओवायला घेतली, पण मला नाकच दिसेना. जावेने माझ्या हातातून ती काढून घेतली आणि ओवून दिली. आयने कड पुरी केली, गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि ती सगळी जडशीळ गोधडी उचलून माझ्या मांडीवर टाकली. "धर. तुझी हाय." मग आत्याकडे वळून म्हणाली, "चा घेनार का?"

त्या दिवसापासून मी कोणालाच उत्तर देणं लागत नव्हते. बाईने एका कडेची शिलाई घालून मला मोकळं केलं. इतक्या वर्षांत मी तिला तोंडाने 'आय' म्हणत होते. त्या दुपारी ती माझी आई झाली, यापेक्षा मला ते वेगळं सांगता येत नाही.

आय गेली, त्याला आता वर्ष होईल. शेवटचे काही दिवस ती दवाखान्यात होती. तिथल्या चादरी तिने चोळून बघितल्या आणि नापास केल्या, म्हणून मी माझी गोधडी नेऊन तिच्या अंगावर घातली होती. एका सकाळी तरुण डॉक्टरबाई तपासायला वाकल्या, तशी आयची बोटं हळूहळू सरकत त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीपर्यंत गेली. अंगठा हलला. मला कळलं पुढे काय येणार ते.

"सुती हाय," आय म्हणाली. आवाज जेमतेम होता. "फाटला की..." आणि तिने डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली. "हिला दे."

उभ्या आयुष्यात तिने 'मना दे' याखेरीज दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. डॉक्टरबाई हसून "हो आजी" म्हणाल्या. मी "अहो, नको" असं तोंडदेखलंही म्हटलं नाही.

आणि डॉक्टरबाई त्या पुढाऱ्यांसारख्या निघाल्या नाहीत. काही महिन्यांनी अर्नाळ्याला एक पिशवी आली. आत धुऊन इस्त्री केलेला पांढरा कोट, खिसा उसवलेला.

तो कोट आता मी एका नव्या, छोट्या गोधडीला लावायला घेतला आहे. जावेची मुलगी, जी माझ्या त्या गोधडीशेजारी बसून पाढे म्हणायची, तिला सातवा महिना आहे. खाली आयचं शेवटचं लुगडं, वर कोटाचे तुकडे. उसवलेला खिसा मी तसाच ठेवला आहे. ऑफिसला रजा कमी, त्यामुळे माझ्याही ओळी कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्येच होतात, आणि घरातले सगळे पुन्हा भिंतीला चिकटून चालतात. तीन बाजू झाल्या. जाऊ म्हणते, आजी मी असले तरी कड तूच बंद करायची. मी लिंबं आणून ठेवली आहेत.