तळ्याचा अर्ज

जयवंता माळ्याचं शेत म्हणजे तळ्याचा तळच. नांदगाव खंडेश्वराच्या पुढे, उघड्या माळात ते तळं होतं. दिवाळीनंतर पाणी मागं सरलं, की मोकळ्या झालेल्या गाळात जयवंता आणि त्याची बायको मनकर्णा टरबूज-खरबुजांची डांगरवाडी लावत. दुसरी जमीन त्यांना नव्हती.

तळ्यातल्या बाभळींवर पावसाळ्यात ढोक आणि पाणकावळे घरटी करत. एका भादव्यात अमरावतीची काही हौशी मंडळी मोटारीनं आली आणि घरट्यांवरच बंदुका चालवून गेली. मागं राहिलेली पिल्लं चार दिवस उपाशी ओरडत होती, एकेक करून पाण्यात पडत होती. जयवंताला जेवण जाईना. शेवटी तो चालत अमरावतीला गेला आणि कमलाकांत वकिलांना म्हणाला, जिल्ह्याच्या साहेबाला कागद लिहा. वकिलांना पक्ष्यांचा नाद होता. त्यांनी हौसेनं अर्ज लिहिला. जयवंतानं खाली अंगठा उठवला.

हुकूम पुढच्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर आला. तळं राखीव झालं. विणीच्या दिवसांत शिकार बंद, एरवी परवान्याशिवाय बंद. त्याच कागदात पुढं होतं: तळ्यात गुरं चारणं, मासे धरणं आणि गाळात पेरा करणंही बंद. शिपायानं नुकतेच उगवलेले वेल उपटून बांधावर टाकले, तेव्हा मनकर्णा एवढंच म्हणाली, "अर्ज तुमीच केला ना? मंग आता कोनाले सांगता?"

तो पुन्हा वकिलांकडे गेला. ते म्हणाले, पेऱ्याचं कलम साहेबांनी घातलं, मी नाही. पण पाखरं तर वाचली. आता परत लिहिणं बरं दिसणार नाही.

पौषात तळ्यावर साहेबांचा तंबू पडला. परवाना त्यांनीच स्वतःला दिलेला. गावातली माणसं वेठीला धरून नेली, त्यात जयवंताही होता. छातीभर गार पाण्यात उतरून तो मेलेली बदकं गोळा करत होता. काठावर खुर्चीत कमलाकांत वकील चहा घेत बसले होते. त्यांनी त्याला ओळखलं आणि मान वळवली.

त्यानंतर जयवंता दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत पाणी द्यायला जाऊ लागला. पुढच्या पावसाळ्यात तळ्यावर खरंच बंदूक वाजली नाही. मनकर्णाचा भाऊ उत्तम मुद्दाम बागेत सांगायला आला, की बाभळी घरट्यांनी वाकल्या आहेत, एवढे ढोक कधी पाहिले नव्हते.

"असतीन," जयवंता म्हणाला, आणि फावडं उचलून पुढच्या झाडाच्या आळ्यात तुंबलेलं पाणी काढून द्यायला गेला.