उपासाचं पीठ

मी आज जो काही आहे तो माझ्या मामांमुळे. दहावीनंतर त्यांनीच मला गावाहून डोंबिवलीला आणलं आणि कल्याणच्या कॉलेजात घातलं. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. निकालाच्या दिवशी मामांनी गिरणी तासभर बंद ठेवून पेढे वाटले होते.

मामांची पिठाची गिरणी होती. गिऱ्हाईक डबा ठेवताना विचारायचं, "कशावर दळताय?" कारण आधीच्या धान्याचं पीठ जात्यात थोडं राहतंच. उपासाचं पीठ गव्हावर दळलं तर उपास मोडतो. म्हणून नवरात्रात मामा पहाटे जातं खोलून झाडायचे, मूठभर वरी दळून ती टाकून द्यायचे आणि मगच उपासाचे डबे घ्यायचे. एकदा गहू सुरू झाला की त्या दिवशी उपासाचं काही दळायचं नाही.

पुढे लोक तयार पीठ विकत घेऊ लागले. दुपारभर गिरणी गप्प असायची. मी म्हटलं, "मामा, आपणच भाजणी करून विकू या."

"अरे, लोक समोर उभं राहून दळून घेतात. तुझ्या पुडीत काय आहे ते कोणाला दिसणार?"

"करून तर बघू."

"कर बाबा. एवढा शिकलायस. पण आधी थोडीच कर."

थालिपिठाची भाजणी चार दिवसांत संपली. "भाच्याची आयडिया हो," मामा प्रत्येकाला सांगत होते. नवरात्रात मी उपासाची भाजणी काढली. तीही संपली आणि टेंभी नाक्यावरच्या एका दुकानदाराने आणखी पुड्या मागितल्या. मामा त्या दुपारी शहाडला गेले होते. सकाळपासून जात्यावर गहू चालला होता. मी जातं खोललं नाही. नुसती मूठभर वरी फिरवली आणि दळायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या काकू हातात चाळण घेऊन आल्या. चाळणीत, आमच्याकडून नेलेल्या उपासाच्या पुडीतून निघालेला गव्हाचा कोंडा होता.

"इतकी वर्षं तुमच्याकडे दळतेय. माझा उपास मोडलात."

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले. "चूक माझी, काकू. हल्ली मला नीट दिसत नाही."

मी पुड्यांपाशी उभा होतो.

मामा तेव्हाही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायचे. पण गिरणीवाल्याला दिसत नाही ही गोष्ट सगळीकडे पसरली आणि गव्हाचे डबेही येईनात. दिवाळीनंतर मामांनी किल्ली माझ्या हातात दिली. "पुड्या बंद करू नकोस. उपासाला वेगळं जातं घे," एवढंच म्हणाले आणि मामीला घेऊन गावी गेले.

मी वेगळं जातं घेतलं. हळूहळू गिऱ्हाईक परतलं, काकूसुद्धा. डबा ठेवताना त्या म्हणायच्या, "तुझी नजर तरी बरी आहे. मामांना मेल्या डोळ्यांनी दगा दिला." मी दर वेळी मान हलवायचो.

यंदा मामांना अर्धांगवायू झाला. ऐकलेलं कळतं, बोलता येत नाही. मी पत्र पाठवलं. मामीने ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी परत वाच अशी खूण केली, असं ती फोनवर म्हणाली. पत्र असं होतं:

ती. मामा, साष्टांग नमस्कार.

काल काकूंना खरं सांगितलं. त्या डबा उचलून निघाल्या आणि दारातून परत फिरल्या. म्हणाल्या, "तो माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता, आणि तू बघत होतास?" मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "त्यांना कळव, मी डोळ्यांवरून फार बोलले." म्हणून कळवतोय.

आता येईल त्या प्रत्येकाला सांगतोय. आज तिघांना सांगितलं. एकाने डबा परत नेला. पुड्या चालू आहेत. उपासाचं जातं रोज खोलून झाडतो.

हे त्याच दिवशी बोलायला हवं होतं. तेव्हा तुम्ही समोरच होतात.

तुमचा भाचा